गाडी वेळेवर, विमान मात्र चुकले : जेद्दाहचे गणित

ऑक्टोबर २०१८मध्ये प्रवाशांसाठी खुली झालेली हरमैन द्रुतगती रेल्वे सुमारे ४५० किलोमीटरच्या मार्गाने मदीना, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी, जेद्दाह आणि मक्का यांना जोडते. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगामुळे मुंबईचे विमान गाठू पाहणाऱ्यांना ती सोयीची वाटते. मात्र विमान चुकते ते बहुधा गाडीतून उतरल्यानंतर.

जेद्दाहमध्ये या मार्गावर दोन स्थानके आहेत : शहरातील सुलेमानिया आणि किंग अब्दुलअझीझ विमानतळ. तिकीट काढताना विमानतळाचेच स्थानक निवडावे. हे स्थानक टर्मिनल १ला जोडलेले आहे. उत्तर टर्मिनल आणि हज टर्मिनल वेगळे असून तेथे जाण्यास वाहन लागते. म्हणून विमानाच्या तिकिटावरील टर्मिनल आधी पाहावे.

हिशेब उलटा मांडावा. विमान रात्री १० वाजता असेल आणि सामान स्वीकारणारी खिडकी तासभर आधी बंद होत असेल, तर खरी मर्यादा ९ची. रांगेसाठी दोन तास धरल्यास ७ वाजता टर्मिनलमध्ये असावे. टर्मिनल बदलायचे असल्यास ६ वाजता उतरावे. रमजान व हजच्या काळात याहून अधिक वेळ ठेवावा.

रेल्वे आणि विमान यांची तिकिटे स्वतंत्र असल्याने गाडीच्या विलंबाची जबाबदारी विमान कंपनीवर येत नाही. अंतिम निर्गमन व्हिसाची मुदत संपत आली असेल, तर नुकसान केवळ तिकिटाचे राहत नाही. त्यामुळे निवडलेली गाडी रद्द झाली तरी पुढच्या गाडीने विमान मिळेल, अशीच गाडी निवडावी.