गोल्टीचा भाव काय?

सुट्टीत पोरं स्विमिंगला जातात, रोबोटिक्सला जातात. काही पोरं मात्र पैसे भरून शेतात राबायला गेली. त्यांच्यामागे पाच दिवस फिरून आणलेला हा रिपोर्ट.

"शेंगदाणे कुठे लागतात?"

बसमधून उतरून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि दादाने थेट प्रश्न टाकला. समोर चोवीस पोरं, वय वर्षं सात ते बारा. सगळी पिंपरी-चिंचवडकडच्या मोठमोठ्या सोसायट्यांमधली. "झाडाला!" अर्ध्यांनी एका सुरात सांगितलं. "वेलीला!" असं थोड्यांनी. एकाने अगदी प्रामाणिकपणे "डीमार्टला" असं उत्तर दिलं.

मी मागे वही-पेन घेऊन उभी. आणि खरं सांगू? माझ्याही डोळ्यांसमोर झाडच होतं. बावीस वर्षं दाण्याचं कूट खाल्लं, उपवासाला दाण्याची आमटी ओरपली, हॉस्टेलवर शेंगदाण्याच्या चटणीवर महिने काढले. पण भुईमूग या नावातच 'भुई' आहे, हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

मग दादाने प्रत्येकाला एकेका रोपापाशी उभं केलं. "बुडाशी धरायचं. झटका नाही द्यायचा, दमानं ओढायचं." रोपं वर आली आणि मुळांशी लटकलेले शेंगांचे घोस बघून पोरं किंचाळलीच. भुईमुगाचं पिवळं फूल येतं जमिनीच्या वर. ते गळालं की तिथून सुईसारखं एक टोक खाली वाकतं आणि मातीत घुसतं. त्याला आरी म्हणतात. त्या आरीच्या टोकाला मातीत शेंग धरते. म्हणून माती भुसभुशीत लागते, आणि एकदा आऱ्या सुटल्या की पिकात खुरपं घालत नाहीत. हे सगळं दादाने दोन मिनिटांत सांगितलं. मी ते भराभर लिहून घेतलं, कारण पोरं आता मलाच प्रश्न विचारायला लागली होती.

चाकणच्या पुढे, खेड तालुक्यातल्या एका गावात, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हा कॅम्प होता. पाच दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच, रोज बसने ये-जा. फी साडेचार हजार. चालवणारे म्हणजे नोकरी करता करता शेतीचं वेड लागलेले चार-पाच मित्र. त्यांची स्वतःची जमीन नाही, एका शेतकरी काका-काकूंचं शेत पाच दिवसांसाठी भाड्याने घेतात. मदतीला अॅग्री कॉलेजची सहा मुलं-मुली, म्हणजे कॅम्पचे 'दादा' आणि 'ताई'. त्यांना रोजचे पैसे मिळतात. मला ऑफिसमधून एवढंच सांगितलं होतं, "समर कॅम्पवर काहीतरी हलकंफुलकं आण, फोटो चांगले हवेत." एका दिवसात काम उरकून परत येणार होते. राहिले पाचही दिवस.

आधी नावं ठेवायची ती ठेवून घेते. पहिल्या दिवशी 'मड बाथ' नावाचा प्रकार होता. पोरं चिखलात लोळली, फोटो भारी आले, पण त्यातून शेतीचं नेमकं काय कळलं ते मला अजून कळलेलं नाही. येताना एसी बस, जेवताना प्लॅस्टिकच्या बाटल्या. आणि पाच दिवसांत पीक काही येत नसतं. तेवढ्यात उगवून दिसावी म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाने एकेका ट्रेमध्ये मेथी पेरली. चौथ्या दिवशी ती मातीतून वर आली तेव्हा पोरांनी ट्रेला नावंसुद्धा ठेवली होती. म्हणजे ती मेथी आता कुणीच खाणार नाही हे उघड होतं.

दुसरा दिवस काकूंचा. दळण, चूल, भाकरी. जातं फिरवायला पोरं आधी रांग लावून उभी होती, पाच मिनिटांनी रांग गायब! तिघांनी मिळून दळलेलं ज्वारीचं पीठ भरलं जेमतेम दोन भाकऱ्यांचं. काकूंनी भाकरी थापायला दिली तेव्हा भारताचे नकाशेच नकाशे. पण घरी पोळीची कड काढून टाकणारी हीच पोरं स्वतःची करपलेली भाकरी पिठल्याबरोबर शेवटच्या तुकड्यापर्यंत खात होती. एक मुलगा मात्र काही केल्या जेवेना. पहिल्या दिवशीच "पिझ्झा कधी आहे?" विचारल्यामुळे त्याचं नावच पिझ्झा पडलं होतं. काकूंनी त्याला काही म्हटलं नाही. फक्त कांदा बुक्कीने फोडून त्याच्या हातात दिला. कांदा असा फोडता येतो हे त्याला इतकं आवडलं की त्याने सात कांदे फोडले आणि मग ते संपवायला भाकरी घेतली.

काकूंच्या माळ्यावर बाटल्यांमध्ये राखेत घोळवलेलं बियाणं होतं. घेवडा, वाल, दोडका. विकत न आणता दरवर्षी आपलंच राखून ठेवलेलं. ताईने पोरांना तिथेच बसवून राहीबाई पोपेरेंची गोष्ट सांगितली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गावठी वाणांची बियाणं जमवून बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "माझी आई बी असंच ठेवायची. आमाला कुणी बँक म्हनलं न्हाई."

मुलांना शेतातून शिकवायची कल्पना नवी अजिबात नाही. वर्ध्याला १९३७ साली शिक्षण परिषद झाली, तिथून गांधीजींची नयी तालीम पुढे आली. हाताने काम करत करत शिकायचं, हे तिचं सूत्र. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती करतात, स्वयंपाक करतात आणि त्यातूनच गणित-विज्ञान शिकतात. फरक इतकाच की तिथे ती रोजची शाळा आहे आणि इथे ती पाच दिवसांची सुट्टीतली गंमत. पण तिसऱ्या दिवशी गंमत जरा बाजूला राहिली.

त्या दिवशी कांद्याची काढणी होती. सकाळी ऊन चढायच्या आत पाच गटांनी कांदे उपटले, पात कापली, निवड केली. मोठा कांदा वेगळा, मध्यम वेगळा आणि लहान, म्हणजे गोल्टी, वेगळी. प्रत्येक गटाच्या वाट्याला वीस किलोचा एक ढीग. गोल्टीचा ढीग आला एका आठ वर्षांच्या मुलीच्या गटाकडे. दुपारी लिंबाखाली लिलाव! काका झाले व्यापारी. चाकणच्या बाजारात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे अभिनय करायची गरजच नव्हती. पहिल्या ढिगाला बारा रुपये किलो. दुसऱ्याला नऊ. गोल्टीच्या ढिगापाशी आले, दोन कांदे उचलले, परत टाकले. "दोन रुपये."

"पण हे पण त्याच शेतातले आहेत!" मुलगी म्हणाली.

"हाय की. पर बारीक हायेत."

मग प्रत्येक गटाला पट्टी मिळाली. वीस किलोचे बारा रुपयांनी दोनशे चाळीस. त्यातून हमाली-तोलाई दहा, पोतं पंधरा, गाडीभाडं पंचवीस. हातात एकशे नव्वद. गोल्टीवाल्या गटाचे झाले चाळीस रुपये आणि वजावट पन्नास. काकांनी हात पुढे केला, "दहा रुपये दे."

बाजारात याला उलटी पट्टी म्हणतात. मुलीला हे नाव माहीत नव्हतं, पण ते काय असतं हे बरोब्बर कळलं. "म्हणजे कांदा पण मीच द्यायचा आणि पैसे पण मीच?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू घाईने खडीसाखर घेऊन आल्या. एक आयोजक माझ्या कानाशी कुजबुजला, "जरा जास्तच झालं का?" मला नाही वाटत. २०२३च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला होता. भाव मिळाला एक रुपया किलो, आणि सगळी वजावट जाऊन हातात आला दोन रुपयांचा चेक. तोसुद्धा पुढच्या तारखेचा. ही बातमी आम्हाला कॉलेजमध्ये हेडलाइन लिहायच्या सरावासाठी दिली होती. मी मस्त शब्दखेळ करून हेडलाइन लिहिली, मार्कही चांगले पडले. त्या दुपारी लिंबाखाली ती आठवून कसंतरीच झालं.

मुलीचं नाव तेव्हापासून गोल्टी. चिडवायला नाही, तिने स्वतःच घेतलं.

दुपारी पोरं झोपल्यावर अॅग्रीच्या दादाशी गप्पा मारल्या. थर्ड इयरचा, घरी चार एकर शेत. म्हटलं, डिग्री झाल्यावर शेती करणार ना? तो हसला. "मॅडम, आमच्या वर्गात कुणालाही विचारा. एमपीएससी, नाहीतर बँकेत कृषी अधिकारी. शेती करायचीच असती तर घरचे म्हणाले नसते का, मग शिकायला कशाला गेलास?" मी म्हटलं, मॅडम नको म्हणू रे, मीही इंटर्नच आहे. तर म्हणाला, "बरं. तुमच्यातले सगळे पेपरात जातात का?" विषय तिथेच संपला. आमच्यातले निम्मे सोशल मीडिया एजन्सीत जातात.

काका-काकूंना एक मुलगा आहे. तीन दिवस मला तो दिसलाच नव्हता. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर, नाइट शिफ्टला. पोरं शेतात आरडाओरडा करत असायची तेव्हा तो आतल्या खोलीत कानावर उशी घेऊन झोपलेला असायचा. वय तेवीस. म्हणजे माझ्याच बॅचचा म्हणा ना.

चौथ्या दिवशी तीनच्या सुमारास आभाळ अंधारून आलं. वळीव! शेतात तीन-चार दिवस सुकायला ठेवलेल्या कांद्याचे ढीग तसेच उघडे. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, सडायला लागतो. मग मिळेल त्या भावात तो लगेच काढून टाकावा लागतो. काका काही न बोलता ताडपत्रीकडे धावले. ताईने शिट्टी वाजवून पोरांना गोठ्याशेजारच्या पक्क्या शेडमध्ये घेतलं, विजा कडकडत होत्या. आणि आतल्या खोलीतून बनियनवर, अर्धवट झोपेत तो मुलगा बाहेर आला आणि सरळ शेतात पळाला. मीही गेले. ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि वाऱ्याने ते मलाच उडवून नेईल असं वाटत होतं. "पायाखाली घ्या, पायाखाली!" तो ओरडत होता. वीस मिनिटं. मोठे ढीग झाकले गेले, कडेचे दोन भिजले.

शेडमध्ये चोवीस पोरं होती आणि चिडीचूप होती. पाच दिवसांत पहिल्यांदाच. पाऊस थांबल्यावर पिझ्झाने काकांना विचारलं, "आता भिजलेल्या कांद्याचं काय?" काका म्हणाले, "बघू." एवढंच.

नंतर चहा घेताना मी त्या मुलाला विचारलं, शेतीत का नाही? त्याने शेडकडे बोट केलं. "ही पोरं पैसे भरून जे करायला येतात ना, ते करायला लागू नये म्हणून मी कंपनीत जातो." मग थोडं थांबून म्हणाला, "पगार बारीक असला तरी एक तारखेला येतो. आणि खरं सांगू का, शेती करतो म्हटलं की पोरगी देत नाही कुणी." त्यांच्या बांधाला लागून 'एनए प्लॉट'चे झेंडे फडकत होते. चुलत्यांनी त्यांचा वाटा कधीच विकला. आता हा तुकडाही काढायचा का, यावर घरात दोन वर्षं बोलणं चाललंय. मुलाला विकायचाय असं मी धरून चालले होते. तर तो म्हणाला, "मी नाही म्हणतोय. विकायचं आईच म्हणते." काकू चुलीपाशीच होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी मेल्यावर कोन करनारे, तू? नाइट शिफ्ट करून?"

माझ्या आजोबांची माण तालुक्यातली जमीन मी नववीत असताना विकली. माझ्या डिग्रीची फी त्यातूनच भरली गेली. हे मी त्यांना सांगितलं नाही. का ते माहीत नाही.

काकांना मात्र मी एक विचारलं, कॅम्प परवडतो का? काका म्हणाले, "आता काय सांगायचं, पोरी. ह्या पाच दिवसाच्या भाड्यानं जेवढं सुटं दिलं, तेवढं यंदाच्या कांद्यानं न्हाय दिलं. कांद्यापरीस पोरं बरी." आणि स्वतःच हसले. मग म्हणाले, "पर कांदा न्हाय लावला तर पोरं बघायला काय येतील?"

शेवटच्या दिवशी पालक आले. गाड्या बांधावर लागल्या, फोटो झाले. एका बाबांनी "हे सगळं ऑरगॅनिक आहे ना?" असं तीनदा विचारलं. गेटपाशी पोरांनी दुकान मांडलं होतं. भुईमुगाच्या ओल्या शेंगा, मेथीचे ट्रे (ते विकायला कुणीच तयार नव्हतं) आणि कांदे. भिजलेल्या दोन ढिगांतले चांगले निवडून, पुसून ठेवलेले. पैसे काकांना द्यायचे, असं पोरांनी आपसात ठरवलं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गोल्टीने गोल्टीच मांडली होती. तिचे बाबा वाकून म्हणाले, "काय भाव, शेठ?"

"चाळीस."

"एवढ्याशा कांद्याला? तीसला दे."

"चाळीसच. आणि हमाली-तोलाई वेगळी," ती म्हणाली. "पिशवी आणली नसेल तर पोत्याचे पंधरा."