जुन्या वाहनाची दुरुस्ती : कोणाच्या हातून करावी?

वाहन नवें असतें तोंपर्यंत त्याच्या दुरुस्तीविषयीं धन्यास फारसा विचार करावा लागत नाहीं. विक्रेता बोलावील त्या दिवशीं गाडी नेऊन उभी करावयाची, कागदावर सही करावयाची व सायंकाळीं ती परत आणावयाची, एवढेंच त्याचें काम. परंतु पांच-सात वर्षें लोटलीं, हमीची मुदत सरली व गाडी कुरकुरूं लागली, म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. तिला अधिकृत विक्रेत्याच्या कारखान्यांत न्यावें, नाक्यावरील मिस्त्रीच्या स्वाधीन करावें, कीं अंगणांत पोतें अंथरून आपणच पाना हातीं घ्यावा?

सातारा व सांगली या जिल्ह्यांत हा प्रश्न कांहीं थोड्या घरांचा नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस त्यांचे वडील जुन्या दुचाकीवरून शाळेंत पोंचवितात. त्याच दुचाकीवर पहांटे दुधाचे कॅन लटकतात व त्याच दुचाकीवर आजारी माणूस मिरजेच्या दवाखान्यांत जातो. अशा घरांत गाडी चार दिवस बंद राहिली तर चार दिवसांची मिळकत बुडते, आणि ब्रेक एकदांच निकामी झाला तर जें बुडतें तें पैशांनीं भरून येत नाहीं. म्हणून या विषयाचा शांतपणें विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

यंत्राशीं सलगी ही या भागास नवी नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपल्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवास सायकलींच्या दुकानानें केला. पुढें औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या जागेवर १९१० सालीं कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे व किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत आहे. परंतु सांगली जिल्हाच १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ या नांवानें निराळा झाला व १९६० सालीं त्यास हल्लींचें नांव मिळालें, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा वारसा दोहोंचा सामाईक आहे हें दिसून येईल. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनीं कारखानदारीचा पाया घातला, आणि १९७५ सालीं स्थापन झालेल्या ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ या कंपनीच्या साताऱ्याच्या कारखान्यांत ‘प्रिया’ स्कूटर तयार होऊं लागली.

या ‘प्रिया’चें उदाहरण आमच्या विषयास फार उपयोगी आहे. तिचें इंजिन दोन-ठोकी असे, म्हणजे पेट्रोलांतच तेल मिसळावें लागे. तें तेल पूर्णपणें जळत नसे. त्याची काजळी प्लगच्या टोंकावर बसे व ठिणगी पडेनाशी होई. म्हणून स्कूटर बाळगणारा प्रत्येक गृहस्थ प्लगचा पाना व कांचकागदाचा तुकडा जवळ बाळगीत असे. गाडी सुरू होईना तर ती एका अंगास कलवून पुन्हां किक मारणें, प्लग काढून घासणें, चाक पंक्चर झालें तर पाठीशीं असलेलें जादा चाक रस्त्यांतच बसविणें, हीं कामें कारकून व शिक्षकही सहज करीत. ‘प्रिया’ आतां तयार होत नाहीं. तरीही कोठें कोठें ती धांवतांना दिसते. ती जगली ती विक्रेत्याच्या बळावर नव्हे, तर धन्याच्या हातांवर व मिस्त्रीच्या स्मरणशक्तीवर.

परंतु एवढ्यावरून ‘सर्व कांहीं घरींच करावें’ असा निष्कर्ष काढणें उतावीळपणाचें होईल. कारण यंत्रें बदललीं आहेत. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांस भारत स्टेज सहा हीं प्रदूषणविषयक मानकें लागू झालीं, आणि बहुतेक दुचाकींतील साधा कार्बुरेटर जाऊन त्याच्या जागीं संगणकाच्या आज्ञेनें इंधन फवारणारी योजना आली. जुन्या गाडींतील दोष कानास ऐकूं येई व बोटास लागे. नव्या गाडींतील दोष पुष्कळदां केवळ एका सांकेतिक अंकाच्या रूपानें गाडीच्या संगणकांत नोंदलेला असतो, व तो वाचावयास निराळें उपकरण लागतें. ज्याच्यापाशीं तें नाहीं त्यानें अंदाजानें एकामागून एक भाग बदलीत जाणें म्हणजे अंधारांत दगड मारणें होय.

आतां तीनही मार्गांचे गुणदोष पाहूं. अधिकृत विक्रेत्यापाशीं कंपनीचे अस्सल सुटे भाग, त्या त्या गाडीकरितां केलेलीं खास हत्यारें व दोष वाचणारें उपकरण असतें. कंपनीनें एखाद्या उत्पादनदोषाकरितां गाड्या परत बोलाविल्या तर तें काम तेथेंच, विनामूल्य, होतें. हमी चालू असेल तर तेथें जाणेंच शहाणपणाचें. परंतु तेथील मजुरीचा दर अधिक असतो, आणि लहान भाग उघडून सुधारण्यापेक्षां संपूर्ण जोडच बदलण्याकडे तेथील पद्धतीचा कल असतो. शिवाय, ज्याच्या हातीं गाडी असते तो कारागीर आपल्याशीं बोलत नाहीं व जो आपल्याशीं बोलतो त्यानें गाडीस हात लावलेला नसतो.

मिस्त्रीची गोष्ट याच्या उलट. तो गाडीचा आवाज ऐकून दोष सांगतो, झिजलेला भाग दाखवितो व शक्य तेथें भाग न बदलतां काम चालवून देतो. आमच्या जुन्या दुचाकीविषयीं एका ठिकाणीं ‘कार्बुरेटरच नवा घालावा लागेल’ असें सांगण्यांत आलें होतें. मिस्त्रीनें तोच उघडून त्याचें सूक्ष्म छिद्र साफ केलें व अल्प मजुरींत गाडी चालू केली. परंतु सर्वच मिस्त्री सारखे नसतात. कोणी स्वस्तांतला बनावट ब्रेक-शू बसवितो, कोणी नट अंदाजानेंच आवळतो. म्हणून मिस्त्रीची पारख त्याच्या फलकावरून करूं नये. काढलेला जुना भाग तो आपण होऊन हातांत देतो कीं नाहीं, यावरून करावी.

येथें कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. मोटारींचे सुटे भाग व दोष शोधण्याचीं उपकरणें कंपन्या बाहेरच्या कारागिरांस मिळूं देत नाहींत, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानें २०१४ च्या ऑगस्ट महिन्यांत १४ मोटार-उत्पादक कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारांत मिळूं द्यावे, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालूं नये, असाही त्या निर्णयाचा आशय होता. त्यावर अपिलें झालीं. तथापि प्रश्न लोकांपुढें आला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत २०१२ सालीं मतदारांनीं याच हक्काच्या बाजूनें कौल दिला होता. आपल्याकडे केंद्र सरकारनें २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्काकरितां एक संकेतस्थळ सुरू केलें. तात्पर्य, आपली वस्तु कोणाकडून दुरुस्त करवावी हें ठरविण्याचा अधिकार धन्याचा आहे, ही गोष्ट हळूहळू मान्य होत आहे.

मग ठरवावें कसें? आमच्या मतें चार प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : हें काम बिघडलें तर प्राणावर बेतेल काय? ब्रेक, सुकाणू, पुढचा दांडा, पेट्रोलची नळी, मोटारींतील हवेच्या पिशव्या, यांस शिकाऊ हातानें स्पर्श करूं नये. ब्रेकच्या तेलाचेंच पहा. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, व जितकें पाणी त्यांत मुरतें तितका त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो. सपाट रस्त्यावर याचा पत्ता लागत नाहीं. परंतु पसरणी किंवा कुंभार्ली घाट उतरतांना ब्रेक सतत दाबला गेला म्हणजे तेल तापतें, त्यांतील पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते व पायाखालचा ब्रेक एकाएकीं पोकळ लागतो. म्हणून तें तेल साधारणपणें दोन वर्षांनीं, किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें, जाणत्याकडून बदलून घ्यावें. येथें दोनशें रुपये वांचविणें ही काटकसर नव्हे.

दुसरा प्रश्न : हमी चालू आहे काय? असल्यास प्रथम तिच्या अटी वाचाव्या, मग पाना उचलावा.

तिसरा प्रश्न : काम नीट झालें कीं नाहीं हें आपणांस पारखतां येईल काय? चेनला वंगण दिलें तर आवाज कमी होतो व तें कळतें. परंतु इंजिनांतील झडपांचें अंतर बरोबर आहे कीं नाहीं हें मापकाशिवाय कळत नाहीं. ज्या कामाची परीक्षा आपणांस घेतां येत नाहीं, तें काम आपण करूं नये.

चौथा प्रश्न पैशाचा. येथें लोक एक हिशेब चुकवितात. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना ते गाडीच्या विक्रीच्या किंमतीशीं करितात. समजा, जुन्या दुचाकीस बाजारांत १५,००० रुपये येतात व दुरुस्तीस ६,००० रुपये लागतात. ऐकतांच वाटतें, एवढा खर्च कशास? परंतु त्या दुरुस्तीनें गाडी दोन वर्षें चालणार असेल तर महिन्यास २५० रुपयेच पडले. नव्या गाडीचा मासिक हप्ता याच्या कित्येक पट असतो. उलट, ६,००० रुपये घालूनही दर महिन्यास नवें दुखणें निघणार असेल, तर तेच पैसे नव्या गाडीकडे वळविणें बरें. तुलना करावयाची ती मिळणाऱ्या सेवेशीं, विक्रीच्या भावाशीं नव्हे.

घरीं करण्यासारखीं कामें पुष्कळ आहेत, आणि तीं मुलांनीं वडिलांजवळ बसून अवश्य शिकावीं. पंधरवड्यास एकदां टायरांतील हवा पाहणें, तेलाची पातळी तपासणें, चेन पुसून वंगण देणें, हवेची जाळी झटकणें, बॅटरीच्या टोंकांवरील पांढरा क्षार पुसणें, दिवे व हॉर्न पाहणें, यांस फारसा खर्च नाहीं. मात्र केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखालीं कधींही शिरूं नये. खालीं भक्कम टेकू द्यावा. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. आणि काढलेलें काळें तेल गटारांत ओतूं नये. आपलीं गटारें शेवटीं कृष्णेस मिळतात. वाईच्या घाटावरून वाहणारें पाणीच पुढें सांगलीस पोंचतें. तें तेल डब्यांत भरून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावें, व तो तें कोणास देतो हेंही विचारावें.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदवही. १९४८ च्या १ जून रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस्. टी. ची पहिली गाडी धांवली. त्या संस्थेच्या गाड्या बिघडण्याची वाट न पाहतां त्यांची ठराविक काळानें तपासणी करण्याची शिस्त आहे. सातारा व सांगली येथील विभागांचें कामही त्याच रीतीनें चालतें. तीच शिस्त घरांत आणण्यास एक दोन रुपयांची वही पुरे. तारीख, किलोमीटर, काय बदललें, कोणी बदललें व काय खर्च झाला, एवढें लिहीत गेल्यास वर्षाअखेर गाडी राखावी कीं काढावी याचें उत्तर ती वहीच देते. विक्रेता व मिस्त्री दोघेही अशा गिऱ्हाइकाशीं जपून वागतात, हा आमचा अनुभव आहे.

शेवटीं, सोडण्याचीही वेळ असते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षें चालते. पुढें तपासणी होऊन तिचें पांच-पांच वर्षांकरितां नूतनीकरण करावें लागतें. १ एप्रिल २०२२ रोजीं या नूतनीकरणाचें शुल्क दुचाकीस ३०० वरून १,००० व मोटारीस ६०० वरून ५,००० रुपये झालें. त्यानंतर २० वर्षांवरील वाहनांकरितां तें २०२५ सालीं आणखी वाढविण्यांत आलें. सांगाड्यासच गंज चढला असेल, धूर आवरत नसेल, किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर ममतेपोटीं गाडी राखूं नये. ती सरकारमान्य मोडीत द्यावी व तिची नोंदणी रीतसर रद्द करवून घ्यावी. नाहीं तर दुसऱ्याच्या हातीं गेलेल्या गाडीच्या अपघाताचा जाब आपल्या दारीं येतो.

सारांश, विक्रेता, मिस्त्री व धनी हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. रोजची निगा धन्याची, नित्याची दुरुस्ती विश्वासू मिस्त्रीची, आणि हमीचीं, संगणकाचीं व खास हत्यारांचीं कामें विक्रेत्याचीं, अशी वांटणी केली म्हणजे जुनी गाडीही पुष्कळ वर्षें इमानानें चालते. मिस्त्रीच्या मजुरींत घासाघीस मात्र करूं नये. त्याचे हात काळे असतात, पण आपलें मूल घरीं सुखरूप पोंचतें तें पुष्कळदां त्याच हातांनीं आवळलेल्या नटावर. आपल्या शाळेंतील ज्या मुलांस यंत्राची आवड आहे त्यांनीं सुटीच्या दिवसांत अशा एखाद्या चांगल्या मिस्त्रीपाशीं बसावें, विचारावें व शिकावें. पदवी घेणाऱ्यासही तें ज्ञान आयुष्यभर उपयोगीं पडेल.