संकेतस्थळाचे स्थलांतर : उपफोल्डरातून मूळ पत्त्यावर

आपल्या विद्यालयाचे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा मुख्य पत्त्यावर केवळ प्रवेशसूचनेचे एक पान होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे वृत्तांत, वसतिगृहाची छायाचित्रे, माजी विद्यार्थ्यांचे लेख हे सारे ‘ब्लॉग’ नावाच्या उपफोल्डरात साठत गेले. आज खरे संकेतस्थळ तेच आहे. ते मूळ पत्त्यावर आणणे उचित होय. मात्र हे काम सामान हलविण्याचे कमी आणि पत्ता बदलल्याचे कळविण्याचे अधिक आहे.

रेवदंड्याच्या माणसास हे सांगणे कठीण नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांचा उल्लेख आढळतो. टॉलेमी ‘सिमुल्ला’ लिहितो, अरब प्रवासी ‘सैमूर’ म्हणतात. हे सारे आपले चौलच, असे अभ्यासकांनी जुळवून दाखविले, म्हणूनच ते दाते आपल्याला आपले वाटतात. संगणक असे जुळवीत बसत नाही. जुना पत्ता सापडला नाही की तो ४०४ हा आकडा दाखवून मोकळा होतो.

वर्डप्रेसवरील संकेतस्थळासाठी दोन मार्ग आहेत. पहिल्यात सर्व फाइली मूळ फोल्डरात नेतात. तेव्हा लेखांतील प्रत्येक दुवा आणि छायाचित्राचा पत्ताही डेटाबेसमध्ये बदलावा लागतो. आणि काही नोंदींत अक्षरांची संख्याही साठविलेली असल्याने साधे ‘शोधा आणि बदला’ चालत नाही, त्यासाठी खास साधन लागते.

दुसरा मार्ग मला आपल्यासारख्या संस्थेस अधिक सोयीचा वाटतो. फाइली आहेत तेथेच राहतात. सेटिंग्जमध्ये ‘वर्डप्रेसचा पत्ता’ जुनाच ठेवून केवळ ‘साइटचा पत्ता’ बदलायचा. मग ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ या फाइलीची प्रत मूळ फोल्डरात ठेवून तिच्यातील एका ओळीत उपफोल्डराचे नाव घालायचे आणि शेवटी पर्मालिंकची सेटिंग्ज पुन्हा जतन करायची. छायाचित्रांचे पत्ते बदलत नाहीत, हा यातील मोठा लाभ. अर्थात कोणत्याही मार्गाने जाताना फाइली व डेटाबेस या दोहोंची प्रत आधी घ्यावी, हे सांगणे नलगे.

उरतो तो जुन्या दुव्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच मुख्य. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत पाठविलेले, मागील स्मरणिकांत छापलेले पत्ते आता कोणी दुरुस्त करू शकत नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावले होते, की चांगला पत्ता बदलत नसतो. बदलावाच लागला तर सर्व्हरने जुन्या पत्त्यावर आलेल्यास ‘३०१’, म्हणजे ‘कायमचे स्थलांतर’, असे उत्तर देऊन नव्या पानावर पोहोचवावे. ‘३०२’ हे तात्पुरत्या बदलाचे चिन्ह आहे. ते येथे उपयोगाचे नाही. दुसऱ्या मार्गात हा नियम लिहिताना एक सावधगिरी हवी : उपफोल्डरात प्रत्यक्ष असलेली फाइल तेथूनच द्यावी, नसेल तरच वाचकास पुढे पाठवावे. अन्यथा लेख उघडतील आणि छायाचित्रे नाहीशी होतील.

गूगल असे नियम किमान एक वर्ष ठेवण्यास सांगते. आपण ते काढूच नयेत. दोन-चार ओळींना जागा ती किती लागणार? प्रत्येकास त्याच्या जुन्या लेखाच्या नव्या पानावरच न्यावे, सरसकट मुखपृष्ठावर सोडू नये. स्थलांतर झाल्यावर तपासणीही कार्यालयाच्या संगणकावर नव्हे, तर एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये पडून असलेल्या जुन्या दुव्यावरून करावी.