पस्तिशीतले निदान

रोवणीच्या दिवसांत बांधीतला दहा माणसांचा गलका ज्यास सोसवत नाही, पण बिघडलेले इंजिन एकट्याने दिवसभर खोलत बसणे ज्यास मनापासून आवडते, अशा माणसाला दवनीवाड्यासारख्या गावात तिरसट म्हणतात. दहा कामे आरंभून एकही तडीस न नेणारा आळशी ठरतो. ही विशेषणे जन्मभर चिकटतात. त्यांपैकी काहींच्या मुळाशी स्वमग्नता, किंवा वैद्यकात ‘एडीएचडी’ म्हणून ओळखली जाणारी अवधानन्यूनता असू शकते, ही जाणीव आपल्याकडे फार उशिरा आली. तज्ज्ञांनाही ती उशिराच आली. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे वर्णन केले ते अकरा मुलांवरून. पुढे कित्येक वर्षे तिचा विचार मुलांपुरताच झाला. दोन्ही निदाने एकाच व्यक्तीस लागू करण्याची मुभा अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-संहितेने दिली, ती तर २०१३ मध्ये.

तपासणीस जाणाऱ्याने रक्त किंवा मेंदूच्या छायाचित्राची अपेक्षा ठेवू नये. हे निदान मुख्यतः संभाषणातून होते. प्रश्नावल्या असतात, पण त्यांतील गुण हा केवळ एक पुरावा. मनोविकारतज्ज्ञ पुनःपुन्हा बालपणाकडे वळतात : बोलणे केव्हा आले, सवंगडी होते काय, ठरलेला क्रम मोडला की काय होई? अवधानन्यूनतेची काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, असा दंडकच आहे. म्हणून आईला किंवा थोरल्या भावाला सोबत न्यावे; शाळेची जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर उत्तमच.

खरी अडचण येथेच आहे. खेड्यातल्या घरी असे कागद सहसा उरत नाहीत, आणि आई सांगते, ‘लेकरू लई शांत होतं, कधी त्रास दिला नाही.’ ही साक्ष निर्दोषत्वाची समजली गेली तर निदान चुकते. मुलींच्या बाबतीत तर अबोलपणा हा सद्गुणच मानला गेला; त्यांच्याकडे संशयाने पाहणार कोण? तेव्हा ‘शांत म्हणजे कसे?’ हे विचारण्याइतका वेळ तपासणाऱ्यापाशी असावा लागतो. निद्रानाश, चिंता, नैराश्य, थायरॉइडचे विकार, व्यसन यांचीही लक्षणे मिळतीजुळती असतात. तीही पारखून घ्यावी लागतात. निकाल पहिल्याच भेटीत मिळेल असे नाही, आणि ‘दोन्ही नाही’ हाही निकाल असू शकतो.

निदानाने हाती काय लागते? अवधानन्यूनतेवर औषधे आहेत. त्यांतील मिथाइलफेनिडेट कायद्याने नियंत्रित असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही. स्वमग्नतेच्या मूळ स्वभावावर गोळी नाही. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आहे. अवधानन्यूनता स्वतंत्रपणे त्या यादीत नाही. प्रमाणपत्रासाठीची भारतीय मापनश्रेणी ४० मुद्द्यांची, प्रत्येकी १ ते ५ गुणांची. ती मुख्यतः मुलांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. संसार रेटणाऱ्या, पुरते अवसान आणून वावरणाऱ्या प्रौढाला ती तोकडी पडते, हे शासनाने ध्यानी घ्यावयास हवे.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यापुढे नागपूर. प्रत्येक फेरीत दिवसाची मजुरी बुडते. म्हणून निघण्यापूर्वीच तेथे प्रौढांची तपासणी होते काय, किती फेऱ्या लागतील आणि सोबत कोणास आणावे, हे विचारून घ्यावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते.