निःशब्द फिरणारें चाक

ग्रामोफोनच्या तबकडीचे दिवस संपले असें आपण पुष्कळ वर्षें समजत होतों. परंतु अलीकडे ती सुशिक्षित घरांत पुन्हां येऊं लागली आहे, आणि तिच्या मागोमाग पट्ट्यावर चालणारीं मोलाचीं टर्नटेबलेंही येत आहेत. त्यांतील कांहींची किंमत लाखांच्या घरांत जाते. तबकडी फिरविणें एवढेंच ज्याचें काम, त्या चाकाला इतकें मोल कां, असें घरांतील वडील माणसें विचारतात, व तो प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर झगमगाटांत नसून रचनेंत आहे. ती समजली म्हणजे पैसा कोठें खर्चावा हेंही कळतें.

प्रथम सुईचें काम पाहूं. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारांत आणिली. ती मिनिटास ३३⅓ फेरे घेते; म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. तिच्यावरील खांच मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या भागाएवढी रुंद असते, आणि मंद स्वरांचीं वळणें मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असूं शकतात. सुई या वळणांबरोबर हलते, त्या हालचालीची वीज होते, व ती अनेकपट वाढवून आपण ऐकतों. सुईला विवेक नाहीं. गवयाचा कंप कोणता व मोटरीचा कोणता हें तिला ठाऊक नसतें. जें हलेल तें ती गाणें समजून पुढें धाडते. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या आल्या. त्यांत सुईच्या खालवर होण्यालाही अर्थ प्राप्त झाला, त्यामुळें यंत्राची घरघर अधिकच उघडी पडूं लागली. म्हणून टर्नटेबलाचीं कर्तव्यें दोनच: समगतीनें फिरणें व स्वतः मुकें राहणें.

समगतीची परीक्षा आपल्या संगीतांत फार कडक होते. वेग सतत शेंकडा एकानें अधिक असला तर तंबोरा व गळा दोन्ही मिळून किंचित् चढतील. बहुतेकांस तें कळणारही नाहीं. परंतु वेग क्षणांत वाढूं व क्षणांत उतरूं लागला कीं स्थिर षड्ज डोलतो. भरताच्या प्रमाणश्रुतीचें जें ८१:८० हें गुणोत्तर आधुनिक अभ्यासक सांगतात, तें अंतर अवघें सव्वा टक्क्याचें आहे. एवढ्या अंतराला जेथें नांव आहे, तेथें चाकाच्या डोलण्याला मोकळीक ती किती द्यावी!

आतां पट्ट्याकडे वळूं. पूर्वीच्या उत्तम यंत्रांत, उदाहरणार्थ १९५४ सालच्या इंग्लंडमधील गॅरार्ड ३०१ मध्यें, मोटरीचा आंस व थाळी यांच्यामध्यें रबरी चाक दाबून बसविलेलें असे. जोर पुष्कळ मिळे, पण मोटरीचा कंपही त्याच वाटेनें थाळीपर्यंत पोंचण्याचा धोका राही. पट्ट्याच्या यंत्रांत मोटर दूर बसते. पिठाच्या गिरणींत पट्ट्याची किंमत तो किती जोर वाहून नेतो यावरून होते. येथें ती तो काय अडवून धरतो यावरून होते. ५० आवर्तनांच्या विजेवर चोवीस ध्रुवांची समकालिक मोटर मिनिटास २५० फेरे घेते. थाळीला हवेत ३३⅓. म्हणून कप्पी व पट्टा बसावयाचा थाळीचा घेर यांचें प्रमाण एकास साडेसात ठेवितात. मोटरीचे बारीक हिसके लवचिक पट्ट्यांत बहुतांशीं विरतात.

उरलेलें काम थाळीच्या जडत्वाचें. ज्ञान झाल्यावरही शरीर कां टिकतें हें सांगतांना सांख्यकारिकेंत ईश्वरकृष्णानें फिरत्या चाकाचा दृष्टांत योजिला आहे. कुंभारानें काठी काढली तरी पूर्वसंस्कारानें चाक फिरतच राहतें. टर्नटेबलाची थाळी याच न्यायानें चालते. वजन केंद्रापासून दुप्पट अंतरावर नेलें तर त्याचें जडत्व चौपट होतें, म्हणून जाणता कारागीर धातु कडेकडे सांठवितो. मात्र थाळी जड झाली कीं बेअरिंगवरील भार वाढतो. तेथें घोटून गुळगुळीत केलेलें आंसाचें टोंक तेलांत, कठीण तळावर टेकतें. येथें उपजलेली खरखर अडविण्यास पट्टा नाहीं. ती थेट तबकडींत शिरते. या न दिसणाऱ्या जागींच कारागिराचें कसब लागतें.

तिसरा शत्रु बाहेरचा: जमिनीवरील पावलें, दारांचे आवाज, खुद्द ध्वनिक्षेपकाचे धक्के. १९६१ सालीं अमेरिकेंतील अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एडगर विल्चर यांनीं थाळी व सुईची भुजा एकाच ताठ चौकटीवर बसवून ती तीन स्प्रिंगांवर तोलली, आणि मोटर तिच्यापासून वेगळी ठेविली. सुई जें टिपते तें तबकडी व भुजा यांमधील सापेक्ष चलन. दोघीही एकत्र हलल्या तर तिला कांहीं कळत नाहीं. एकाच होडींत बसलेल्यांस एकमेकांचे चेहरे स्थिरच दिसतात, तसेंच हें. ग्लासगो येथें १९७३ सालीं स्थापन झालेल्या लिन कंपनीचें एलपी१२ हें याच कुळांतील. त्याचे भाग एकेक करून सुधारले गेले, परंतु मूळ कल्पना कायम राहिली.

पट्टाच श्रेष्ठ असा हट्ट मात्र धरूं नये. १९७० सालीं जपानच्या मात्सुशिता कंपनीनें टेक्निक्स एसपी-१० मध्यें थाळी मोटरीच्या आंसावरच बसविली, आणि समगतीच्या मापनांत अशीं यंत्रें कित्येक पट्ट्याच्या यंत्रांहून सरस ठरलीं. पट्टा कालांतरानें सैल पडतो व बदलावा लागतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

परदेशांतील मुलें यंत्र आणतात तेव्हां आणखी एक गोष्ट पाहावी. समकालिक मोटर विजेच्या आवर्तनांच्या आज्ञेंत असते. अमेरिकेंत तीं सेकंदास ६०, आपल्याकडे ५०. तेथील असें यंत्र येथें थेट विजेवर लावल्यास ३३⅓ ऐवजीं सुमारें २७.८ फेरे घेईल, व काळी एकचें गाणें खालच्या काळी पांचपर्यंत उतरेल. विजेचा दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर यावर उपाय नव्हे. कप्पी बदलावी, किंवा स्वतःचीं आवर्तनें उत्पन्न करणारा विद्युत्पुरवठा घ्यावा. उंची यंत्रांत तो पुष्कळदां असतोच.

विकत घेतांना लांकडाच्या चकाकीकडे पाहूं नये. विलंबित आलापाची तबकडी लावून तंबोऱ्याकडे कान द्यावा. दोन गाण्यांमधील रिकाम्या खांचेंत घरघर येते काय तें ऐकावें. मेजावर बोटानें हलकेंच ठोकून पाहावें. आणि वडिलांच्या संग्रहांतील ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्यांस या यंत्राची बारीक सुई लावूं नये. त्यांची खांच रुंद असल्यानें त्यांना कितीतरी जाड टोंकाची निराळी सुई लागते, आणि ७८ चा वेगही पुष्कळ यंत्रांत नसतो. चुकीच्या सुईनें झिजलेली खांच कोणत्याही किंमतीस पुन्हां भरून येत नाहीं. जे गवई गेले त्यांचा आवाज त्या खांचेंतच उरला आहे. यंत्राचें मोल ठरवितांना तो आवाज आपल्या नातवंडांपर्यंत पोंचेल कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.