चीर छोटी, मग मणका दिसतो कसा?

विरारजवळच्या नंदाखालच्या वाड्यांत वाकून केलेली कामं काय किंवा विरार लोकलमधला उभ्याने प्रवास काय, भार कमरेवरच येतो. मग एमआरआय होतो आणि ‘गादी सरकलीय, नस दबलीय’ असं कळतं. बहुतेकांचं दुखणं औषध-व्यायामाने आटोक्यात येतं. ज्यांना ऑपरेशन सांगितलं जातं, ते आधी विचारतात, ‘चीर केवढी?’ मला वाटतं, त्याहून मोलाचा प्रश्न वेगळा आहे. डॉक्टर आत बघणार कसे?

कमी चिरेच्या पद्धतीत साधारण दोन सेंटिमीटर व्यासाची नळी स्नायूंच्या तंतूंमधून आत सरकवतात. स्नायू हाडापासून सोलावे लागत नाहीत, रक्तही कमी जातं. पण नळीतून दिसतो तो हाडाचा एक तुकडा, आणि तो कितव्या मणक्याचा हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून टेबलाभोवती सी-आर्म लावतात. या कमानीच्या एका टोकातून क्ष-किरण निघतात, दुसरं टोक ते टिपतं. मग पडद्यावर त्रिकास्थीपासून वर एकेक मणका मोजायचा. काहींच्या कमरेत पाचाऐवजी चार किंवा सहा मणके असल्यासारखे दिसतात. तिथे मोजणी चुकली, तर धडधाकट गादीवर शस्त्रक्रिया होते. जुने एक्स-रे आणि एमआरआय सोबत न्यायचे ते यासाठीच.

मणके जोडायचे असले की काम आणखी नाजूक. न्यूरोसर्जन डॉ. प्रेमानंद रामाणी ज्या ‘प्लिफ’ शस्त्रक्रियेसाठी ओळखले जातात, ती याच प्रकारातली. यात बहुधा स्क्रू बसवतात आणि ते पेडिकल या हाडाच्या अरुंद पुलातून जातात. पुलाच्या आतल्या अंगाला नसा असतात. सी-आर्म एका वेळी एकाच दिशेची सावली दाखवतो. ओ-आर्मसारखं यंत्र रुग्णाभोवती फिरून टेबलावरच त्रिमितीय चित्र देतं, आणि नॅव्हिगेशन त्यावर अवजाराचं टोक दाखवत राहतं. मात्र त्यासाठी हाडाला लावलेल्या खुणेच्या चौकटीला धक्का लागला, तर चित्र तसंच स्पष्ट राहतं, जागा मात्र चुकते. म्हणून अनुभवी सर्जन ओळखीच्या हाडावर टोक टेकवून पुन्हापुन्हा खात्री करतो.

रुग्णाला हे क्ष-किरण एखाद-दोनदा लागतात, ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांना रोज. शिशाचा एप्रन हवाच, आणि अंतरही: किरणांच्या उगमापासून दुप्पट लांब उभं राहिलं, की मात्रा साधारण चौथाईवर येते.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं चित्र असतं ते टाके घालण्याआधीचं. स्क्रू तिरका गेला असेल, तर तो त्याच भुलेत काढून सरळ बसवता येतो.