क्रोन्स आणि बाळंतपण : नॉर्मल केव्हा, सिझेरियन केव्हा

क्रोन्स आजार असलेल्या स्त्रीला दिवस गेले की सातव्या-आठव्या महिन्यात घरात एक प्रश्न हमखास निघतो : नॉर्मल होईल, की सिझर करावे लागेल? पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर आजाराच्या नुसत्या नावावरून दिले जाते आणि ‘आतड्याचा एवढा मोठा आजार आहे, धोका कशाला पत्करायचा’ असे म्हणत सिझेरियनची तारीख पक्की होते. काही वेळा याच्या उलट घडते, म्हणजे प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत आजाराची माहिती पोहोचतच नाही. या दोन्ही रीती सारख्याच घातक आहेत. क्रोन्समध्ये प्रसूतीची पद्धत ठरते ती गुदद्वार, गुदाशय आणि त्यांच्या आसपासच्या भागाच्या त्या वेळच्या स्थितीवरून, आणि ती स्थिती प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी 1932 मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे पहिल्या लेखकाचे नाव त्याला चिकटले. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, आतड्याच्या भिंतीला सर्व थरांतून सूज येते, जखमा होतात, कधी नळी अरुंद होते, तर कधी भिंतीला आरपार भोक पडून शेजारच्या अवयवापर्यंत किंवा कातडीपर्यंत वाट तयार होते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही हा आजार होऊ शकत असला तरी लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची आवडती जागा आहे, आणि आतड्याचा क्षयही नेमका त्याच जागी होत असल्यामुळे भारतातील कित्येक रुग्णांना निदान पक्के होण्यापूर्वी क्षयरोगाच्या गोळ्या घ्याव्या लागलेल्या असतात.

बाळंतपणाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो तो या आजाराचा गुदद्वाराभोवतीचा प्रकार. तेथे गळू होते, ते फुटते, पू वाहत राहतो आणि आतड्यापासून कातडीपर्यंत बारीक नळीसारखी वाट कायम होते, हेच भगंदर. खेड्यापाड्यांत या साऱ्याला सरसकट मूळव्याध म्हणतात, आणि त्या जागेचे दुखणे बोलून दाखवण्याचा संकोच इतका असतो की सुना सासूला सांगत नाहीत आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगत नाहीत. हा संकोच समजण्यासारखा असला तरी त्याची किंमत फार मोठी असते, कारण निर्णयाचा सगळा भार नेमक्या याच माहितीवर असतो.

युरोपातील क्रोन्स व कोलायटिस तज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. गुदद्वाराभोवतीचा आजार चालू असेल, म्हणजे भगंदर वाहते आहे, गळू आहे, जखम उघडी आहे, किंवा गुदाशयाला सूज आहे, तर सिझेरियन करावे. असा आजार कधीच नव्हता किंवा पूर्वी होता पण आता पूर्ण शांत आहे, तर नॉर्मल प्रसूतीला आजाराची आडकाठी नाही. मग बाळ आडवे आहे का, वार खाली आहे का, अशा इतर चारचौघींना लागू असणाऱ्या कारणांवरूनच निर्णय घ्यावा.

या नियमामागचे कारण शरीररचनेत आहे. योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्यामध्ये स्नायूंचा एक लहानसा पट्टा असतो, त्याला डॉक्टर पेरिनियम म्हणतात, आणि त्याच्या मागच्या टोकाला गुदद्वार आवळून धरणारा गोल स्नायू असतो. बाळाचे डोके बाहेर येताना हा पट्टा ताणला जातो, कधी फाटतो, आणि फाटणे खोल गेले तर त्या गोल स्नायूलाही इजा होते. निरोगी स्त्रीत ही इजा टाके घालून बहुधा भरून येते, परंतु सुजलेल्या जागेत ती चिघळते, तिच्यातून नवे भगंदर फुटू शकते. शिवाय क्रोन्समध्ये दिवसातून अनेकदा पातळ शौचास होण्याची वेळ आयुष्यभर कधीही येऊ शकते, आणि पातळ शौच रोखून धरणे हे त्या गोल स्नायूचेच काम असल्याने तो कमजोर झाला तर बाईचे घराबाहेर पडणेच अवघड होऊन बसते. म्हणूनच योनिमार्ग रुंद करण्यासाठी दिला जाणारा छेद, ज्याला एपिसिओटॉमी म्हणतात, तो क्रोन्सच्या रुग्णात शक्यतो टाळावा, रिवाज म्हणून देऊ नये. 1995 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पूर्वी गुदद्वाराचा आजार नसलेल्या सुमारे 18 टक्के स्त्रियांत नॉर्मल प्रसूतीनंतर तो उद्भवल्याचे आढळले होते आणि त्यांतील बहुतेकींना छेद दिला गेला होता. नंतरच्या अभ्यासांत मात्र नॉर्मल प्रसूतीमुळेच असा आजार वाढतो याला भक्कम आधार मिळाला नाही.

मग सर्वांचेच सिझेरियन का करू नये, असे विचारले जाते. क्रोन्सच्या रुग्णाच्या पोटावर आधी आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असू शकते किंवा पुढे व्हायची असू शकते, आणि पोट उघडण्याच्या प्रत्येक खेपेनंतर आतील अवयव एकमेकांना चिकटतात, त्यामुळे पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. सुजेचा आजार, गरोदरपण आणि शस्त्रक्रिया या तिन्हींमुळे रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातील खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के, तर सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. एवढ्या तफावतीच्या काळात ‘माझ्या बाबतीत नेमके कारण कोणते’ हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. पोटावर शौचाची पिशवी बसवलेल्या स्त्रीचीही नॉर्मल प्रसूती होऊ शकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

प्रसूतीच्या निवडीची तयारी खरे तर दिवस जाण्यापूर्वीच सुरू होते. गर्भ राहताना आजार भडकलेला असेल तर सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत तो तसाच राहतो किंवा वाढतो. त्यामुळे निदान तीन ते सहा महिने आजार शांत असावा, मग मूल व्हावे, असा सल्ला दिला जातो. आजाराच्या औषधांपैकी मेथोट्रेक्सेट मात्र आधीच बंद करावे लागते, कारण ते गर्भाला अपायकारक आहे. बाकीची औषधे बाळाच्या भीतीने आपल्या मनाने सोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. उमा महादेवन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत 2007 पासून चाललेल्या आणि 1,490 पूर्ण झालेल्या गर्भधारणांची माहिती 2021 मध्ये मांडणाऱ्या अभ्यासात अझाथायोप्रिन किंवा जैविक औषधांमुळे जन्मजात व्यंगे वाढल्याचे आढळले नाही; उलट, भडकलेल्या आजाराचा संबंध गर्भपाताशी दिसून आला.

बुलढाणा जिल्ह्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. लेक सातव्या महिन्यात माहेरी येते आणि तिची फाइल, जुने अहवाल, एन्डोस्कोपीचे कागद सासरच्या कपाटात राहतात. सासर घाटावर मेहकर-लोणारकडे आणि माहेर घाटाखाली संग्रामपूर-जळगाव जामोदकडे असेल तर डॉक्टर बदलतात, रुग्णालय बदलते, आणि रात्री कळा सुरू झाल्यावर राजूर किंवा बोथा घाट ओलांडून जाण्याची पाळी येऊ शकते. म्हणून आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ या दोघांनी मिळून गुदद्वाराची तपासणी करावी, गरज भासल्यास एमआरआय करावा आणि ठरलेली पद्धत, छेदाबाबतची सूचना व चालू औषधे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून द्यावीत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली होणारी तपासणी जोखमीची गर्भधारणा नोंदवण्यासाठीच आहे, आणि जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार 2011 पासून सरकारी रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती मोफत आहे. बुलढाण्यात 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तरीही गुंतागुंतीच्या रुग्णासाठी घाटाखालून अकोला आणि देऊळगाव राजा-सिंदखेड राजाकडून जालना, छत्रपती संभाजीनगर ही शहरे जवळची आहेत, आणि जेथे आतड्याचा शल्यचिकित्सक हाकेच्या अंतरावर असेल तेथेच नाव नोंदवणे शहाणपणाचे ठरते.

बाळंतिणीच्या खोलीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवे. बाळ जन्मले की आपल्याकडे क्षयरोगाविरुद्धची बीसीजी लस लगेच टोचली जाते आणि ही लस जिवंत जंतूंची असते. आईला गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब यांसारखे जैविक औषध चालू असेल तर ते औषध वारेतून बाळात उतरते आणि कित्येक महिने टिकते. अशा एका बाळाला बीसीजी दिल्यावर ती शरीरभर पसरून बाळ दगावल्याचे 2010 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले आहे, आणि तेव्हापासून ही लस निदान सहा महिने पुढे ढकलण्याचा सल्ला दिला जातो. जन्मतः दिला जाणारा तोंडी पोलिओचा डोसही जिवंत लसीचा असल्याने त्याबाबतही विचारून घ्यावे. लसीकरण करणाऱ्या परिचारिकेला आईच्या औषधाची माहिती कोणीच दिली नाही, तर तिला ते कळणार तरी कसे? बाळंतिणीला दुखण्यावर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या देण्याआधीही आजार सांगावा, कारण त्या क्रोन्स भडकवू शकतात. आणि आतडे अरुंद झालेले असेल तर अळीव-डिंक-खोबऱ्याचे लाडू आग्रहाने खाऊ घालू नयेत.

घरच्यांनी एवढे करावे : लेक माहेरी निघताना ओटीच्या साहित्याबरोबर तिची फाइल आणि औषधांची यादी पिशवीत घालावी, आणि प्रसूतिगृहात पाऊल ठेवल्यावर क्रोन्सचे नाव व भगंदर असल्यास त्याचा उल्लेख डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून करावा.